बसतेय, बसतेय

समजा, एका म्हाताऱ्या गाडीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा तुम्हाला बदलायच्या आहेत. गॅरेजवाल्याने हात झटकलेत, म्हणून काम तुमच्याच गळ्यात पडलंय. पुढच्या चाकांना विटा लावा. मागचं धूड जॅकने उचला, लोखंडी घोड्यांवर टेकवा, चाकं काढा आणि पाठीवर सरकत खाली जा. डोळ्यांत गंजाचा भुगा पडेल. तो चोळू नका, नाहीतर दिवसभर रडत बसाल. समोर अंगठ्याएवढ्या जाड सळईची गुंडाळी दिसेल, तीच स्प्रिंग. जॅक आता चाकांना जोडणाऱ्या आसाखाली लावा आणि स्प्रिंगेशेजारच्या शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट आधी सोडवा. तो कित्येक वर्षांत जागचा हललेला नाही आणि आजही हलायची त्याची इच्छा नाही. त्याला तेल पाजा, दोन शिव्या द्या, चहा पिऊन या, परत तेल पाजा. तो सुटला की आसाखालचा जॅक हळूहळू उतरवा. आस खाली जाईल तशी स्प्रिंग सैल पडेल आणि काढता येईल. नवी बसवताना हेच सगळं उलट्या क्रमाने.

सांगायला सोपं आहे. पण आता असंही समजा, की हे करणाऱ्या माणसाने जन्मभर ज्या स्प्रिंगा हाताळल्या, त्या सगळ्या त्याच्या तळहातावर मावत होत्या.

त्या माणसाला बाजार काटेवाले म्हणायचा. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं चिंचोळं दुकान होतं. आत शिरलं की मशीन तेलाचा आणि पितळ घासायच्या पावडरीचा मिळून एक वास यायचा. भिंतीवर गोल तोंडाचे काटे टांगलेले असायचे, कुणाची काच फुटलेली, कुणाची सुई वाकलेली, आणि खाली गोदामातले मोठे तराजू पाय पसरून पडलेले. काटेवाले उंच स्टुलावर बसून चिमट्याने स्प्रिंगा बसवायचे, काट्यावर वजन ठेवायचे आणि सुईकडे टक लावून बघत राहायचे. सुई आधी पुढे धावते, मग मागे येते, पुन्हा थोडी पुढे जाते आणि शेवटी एका जागी ठरते. ती ठरेपर्यंत काट्याला हात लावायचा नाही, टेबलाला धक्का द्यायचा नाही, जमलं तर शिंकायचंही नाही. दुकानदार घाई करायला लागला की काटेवाले एक बोट वर करून म्हणायचे, "बसतेय, बसतेय." याचा अर्थ, थांब बाबा, हात लावू नकोस.

हा शब्द त्यांच्या जिभेवर इतका रुळला होता, की तो दुकानातून त्यांच्याबरोबर घरी यायचा. चहा गाळायची घाई झाली की "बसू दे." दोन भाडेकरूंचं भांडण मिटवायला कुणी बोलावलं की "बसू दे जरा, उद्या बघू." लेकीने एकदा ताप आल्याचं सांगितलं तेव्हाही ते तेच म्हणाले आणि बायकोकडून चांगलं ऐकून घेतलं.

बायकोची ओळख करून द्यायला हवी, कारण गाडी खरी तिची. कागदावर नाव काटेवाल्यांचं होतं, पण चाक बाईंच्या हातात असायचं. गाडी घेतली ती धंद्यासाठी. गिरण्या, गोदामं, धान्याची कोठारं सगळी गावाबाहेर, आणि तिथले मोठे काटे तपासायचे तर ओतीव लोखंडाची वजनं बरोबर न्यावी लागत. ती उचलून बसमधून कोण नेणार? तर गाडी आली आणि काटेवाले चालवायला शिकायला गेले. परीक्षेच्या दिवशी साहेबाने गाडी मागे घ्यायला सांगितली. काटेवाल्यांनी गिअर टाकला आणि गिअर नीट बसेपर्यंत वाट बघत राहिले. साहेबही वाट बघत राहिला. मग साहेबाने त्यांना उतरवलं. दुसऱ्या खेपेला सोबत म्हणून आलेल्या बाई कुंपणाशी उभ्या राहून सगळं बघत होत्या. घरी जाताना त्या म्हणाल्या, "अहो, हे मला जमेल." आणि जमलं, तेही पहिल्याच परीक्षेत.

मग पुढची कितीतरी वर्षं बाजाराने ते दृश्य पाहिलं. बाई गाडी चालवताहेत, शेजारी काटेवाले मांडीवर थर्मास घेऊन बसलेत आणि मागच्या डिकीत लोखंडी वजनं एकमेकांवर आपटताहेत. गिरणीच्या फाटकावरचा पहारेकरी लांबूनच ओरडायचा, "ड्रायव्हरबाई आल्या, साहेबांना घेऊन आल्या." काटेवाल्यांना त्याचा राग कधीच आला नाही. उलट तेच खरे सुखाचे दिवस, असं ते आजही म्हणतात. जाताना बाई रस्त्यावर डोळा ठेवून बोलायच्या आणि ते नुसतं हूं हूं करायचे. घरी जी गोष्ट दोघांच्या तोंडातून निघायची नाही, ती गाडीत निघायची. लेकीचं लग्न कुठे करायचं, सासूबाईंना कुणी सांभाळायचं, वरची खोली भाड्याने द्यायची की नाही, हे सगळं त्या दोन पुढच्या जागांवर ठरलं. परत येताना उन्हं कलंडलेली असायची. एखाद्या झाडाखाली गाडी थांबवून थर्मासातला उरलेला चहा दोघं एकाच झाकणातून प्यायचे, कारण दुसरं झाकण पहिल्याच वर्षी हरवलं होतं आणि दुसरं आणायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

पुढे काटाच नसलेले काटे आले. वजन ठेवलं की आकडे उमटतात, सुई नाही, स्प्रिंग नाही, थांबणं नाही. काटेवाल्यांचा धंदा बसला. ते स्वतःच हसून म्हणायचे, एवढी वर्षं बसू द्या, बसू द्या म्हणत होतो, शेवटी देवाने ऐकलं. दुकान बंद झालं. वजनं मात्र डिकीतच राहिली. काढून ठेवायची कुठे, असं ते म्हणत. खरी गोष्ट अशी, की ती काढली असती तर गाडीचा आवाज बदलला असता.

ओझं आणि गंज यांचं फार जमतं. एके सकाळी बाजाराजवळच्या मोठ्या चौकात बाई गाडी चालवत होत्या, काटेवाले शेजारी होते. एक सायकलवाला मध्येच आडवा आला. बाईंनी ब्रेक दाबला, चाक खड्ड्यात गेलं आणि गाडीच्या मागून बंदुकीसारखा आवाज झाला. गाडी एका कोपऱ्यावर बसली. बाईंना वाटलं, आपण माणूस उडवला. त्या दार उघडून धावल्या, रस्त्यावर गुडघे टेकून गाडीखाली बघितलं. खाली कुणी नव्हतं. सायकलवाला केव्हाच पुढच्या वळणाला पोचला होता. तुटली होती फक्त मागची उजवी स्प्रिंग, खालच्या वेढ्याशी. पण बाईंनी चावी काढून काटेवाल्यांच्या हातात ठेवली. त्या दिवशी गाडी काटेवाल्यांनी घरी आणली, पायी चालणाऱ्यापेक्षा हळू. वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा परीक्षा देऊन मिळवलेला त्यांचा परवाना असा कामी आला.

त्यानंतर बाई गाडीत बसल्या नाहीत. चाकावर नाही, शेजारीही नाही. काटेवाले त्यांना रोज एवढंच म्हणायचे, बसू दे जरा. लेकीलाही फोनवर ते तेच म्हणाले, बसू दे जरा, धक्का आहे, ओसरेल. आठवडे गेले, ऋतू गेला. गाडी शेडमध्ये एका अंगावर कलून उभी राहिली आणि बाई बाजारात पायी जाऊ लागल्या. गॅरेजवाला येऊन बघून गेला. एवढ्या गंजलेल्या गाडीला मी हात लावणार नाही, बोल्ट तुटला तर तुम्ही माझ्या नावाने बोंब माराल, भंगारात द्या, म्हणाला. लेकही तेच म्हणाली. बाई काहीच म्हणाल्या नाहीत, आणि त्यानेच काटेवाल्यांना जास्त लागलं. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गाडी गेली तर जाऊ दे, पण त्या दोन पुढच्या जागा गेल्या तर घरात बोलणार कुठे, हा त्यांचा खरा प्रश्न होता. स्प्रिंगा बदलल्या तर बायको पुन्हा गाडीत बसेल, असं त्यांनी मनाशी धरलं. सुट्या भागांच्या दुकानातून त्यांनी नव्या स्प्रिंगांची जोडी मिळवली, कारण एक तुटली तरी दोन्ही बदलाव्या लागतात, नाहीतर गाडी लंगडते. आणि मेव्हण्याला बोलावलं.

मेव्हणा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. लेकीमुळे सगळं घर त्याला मामा म्हणायचं, काटेवालेसुद्धा. बसच्या डेपोत फिटर म्हणून त्याने उभी हयात काढली होती. तो हत्यारांची पेटी घेऊन आला, शेडमध्ये उभा राहिला, वाकून गाडीखाली बघितलं आणि म्हणाला, "दाजी, ही भाजी मोजायची स्प्रिंग नाही हां."

काटेवाल्यांनी विचारलं, डेपोत अशा किती बदलल्यास?

मामाने डोकं खाजवलं. डेपोतल्या त्याच्या बसगाड्यांना पाटे असायचे, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या. ही असली गुंडाळी त्याने आजवर लांबूनच बघितली होती. म्हणजे एकाने जन्मभर बारक्या स्प्रिंगा बघितल्या, दुसऱ्याने पाटे, आणि समोर जी होती तिच्याशी दोघांचीही ओळख नव्हती. दोघांनी हे एकमेकांपासून आणि मुख्य म्हणजे बाईंपासून लपवायचं ठरवलं. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकत होत्या.

डावी बाजू आधी घेतली. बोल्टाने सकाळ खाल्ली. मामा त्याला डेपोतल्या खास शिव्या देत होता आणि मधूनच खिडकीकडे बघून आवाज खाली आणत होता. शेवटी बोल्ट करकरला, सुटला. जुनी स्प्रिंग निघाली. ती नव्या स्प्रिंगेशेजारी उभी केली, तर चांगली दोन-तीन बोटं खुजी. काटेवाल्यांनी ती हातात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. इतक्या वर्षांची वजनं तिने अंगावर घेतली होती, वाकली होती, पण तुटली नव्हती.

मामा म्हणाला, "दाजी, फोटो काढू का दोघांचा?"

मग नवी बसवायला घेतली. या स्प्रिंगेचं खालचं टोक आसावरच्या वाटीतल्या खोबणीला बरोबर टेकलं पाहिजे, तिरकं राहून चालत नाही. मामा ते टोक धरून बघत होता आणि काटेवाले जॅकचा दांडा मारून आस वर उचलत होते. मामा खालून म्हणू लागला, "बसतेय, बसतेय." हे ऐकलं की काटेवाले हात थांबवायचे आणि श्वास रोखून उभे राहायचे. मामा वाट बघून वैतागायचा. दम लागला का, चहा आणू का, असं विचारायचा. काटेवाल्यांना कळेना, हा स्वतःच थांब म्हणतो आणि स्वतःच टोमणे मारतो. असं तीनचारदा झालं. कसंबसं टोक खोबणीत गेलं, बोल्ट लागला, आणि मामाने जाहीर केलं, की जॅकवर दाजींना ठेवलं तर उजवी बाजू पुढच्या जन्मी होईल. आता जॅक मी घेतो, तुम्ही खाली बघा.

जागा बदलल्या आणि गडबड झाली.

डेपोत आठ जण मिळून पाटे चढवताना जो खाली बघत असतो, तो "बसतेय, बसतेय" म्हणाला की त्याचा अर्थ एकच, जागेवर चाललंय, मारा, थांबू नका. मामाच्या कानांना तो हुकूम होता. आणि उजव्या स्प्रिंगेचं टोक खोबणीच्या कडेवर चढत होतं. ते काटेवाल्यांना दिसलं. त्यांनी सवयीने एक बोट वर केलं आणि शांतपणे म्हणाले, "बसतेय, बसतेय."

मामाने जोरात दांडा मारला.

काटेवाल्यांचं बोट वरच होतं, मामाला ते दिसणं शक्य नव्हतं. "बसतेय, बसतेय, अरे बसतेय!" आवाज चढला तसा मामाला आणखी जोर आला. स्प्रिंग पोटात वाकली. काटेवाल्यांना इतकंच कळलं, की ही सुई ठरायची नाही, आणि त्यांनी हात मागे ओढून अंग बाजूला लोटलं. स्प्रिंग सटकली. ती चौकातल्यासारखाच आवाज करून शेडच्या पत्र्यावर आदळली, पत्र्याला पोचा पाडून परत आली, तेलाच्या डब्याला उडवून कोपऱ्यात लोळत गेली.

बाई धावत आल्या. या वेळीही त्यांनी आधी गुडघे टेकले आणि गाडीखाली बघितलं. खाली काटेवाले होते, तोंडभर गंज, चष्मा कपाळावर, आणि दोन्ही हात शाबूत. बाईंनी त्यांना हात धरून ओढून बाहेर काढलं, बोटं एकेक करून चाचपली आणि मग त्यांना जमिनीवर बसवून स्वतः समोर बसल्या. मामा जॅकचा दांडा हातात धरून पांढराफटक उभा होता. मी काय केलं, तेच म्हणत होते बसतेय, असं तो पुटपुटला. मी थांबच म्हणत होतो, असं काटेवाले म्हणाले. 

बाईंना क्षणात समजलं. त्या एकाच्या बहीण होत्या आणि दुसऱ्याच्या बायको. दोन्ही घरांतला तो शब्द त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. आईच्या घरी भावाने डेपोतून आणलेलं बसतेय म्हटलं की हात चालवायचा, नवऱ्याच्या घरी बसतेय म्हटलं की हात आवरायचा.

"याच्याकडे बसतेय म्हणजे चालू दे," त्या भावाकडे बोट करून म्हणाल्या. "आणि तुमच्याकडे बसतेय म्हणजे थांब. एवढं बोलून घ्यायला काय झालं होतं?"

  बाईंनी पदराने नवऱ्याच्या गालावरचा गंज पुसला आणि पुसता पुसताच म्हणाल्या, "चौकातून आल्यावर काय म्हणालात? बसू दे जरा. रोज तेच. मी वाट बघत होते, आज म्हणतील चल, आज म्हणतील घे चावी. तुम्ही बसू दिलंत. मग बसली ना भीती. चांगली खोबणीत बसली. आता उठवा बघू तिला."

 मामाने दांडा खाली ठेवला आणि उगाचच पाने पुसायला घेतले. काटेवाल्यांना वाटत होतं, की आपण थांबलो ते शहाणपणाने थांबलो. हात लावला नाही, म्हणून काटा बरोबर येईल. पण माणूस म्हणजे काटा नव्हे, आणि ते इतकी वर्षं शेजारी बसलेल्या बाईने सांगायला लागलं, याची त्यांना लाज वाटली.

स्प्रिंग बाईंनीच उचलून आणली. त्या एक जादा वीट ओढून तिच्यावर बसल्या, जिथून वाटीही दिसत होती आणि जॅकही. म्हणाल्या, आता तो शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. मी वर म्हणेन तेव्हा वर, थांब म्हणेन तेव्हा थांब. मामा हळूच म्हणाला, ताई, डेपोत तू असतीस तर आमची निम्मी बोटं वाचली असती. त्यावर बाई पहिल्यांदा हसल्या. जॅक चढला. वर. थांब. दोघांनी स्प्रिंग पुन्हा सरळ केली. वर. थांब. वर. टोक खोबणीला टेकल्याचा बारीकसा आवाज तिघांनी ऐकला. बोल्ट लागला, चाकं चढली, घोडे निघाले, आणि गाडी जमिनीवर उतरली.

ती एवढी उंच दिसत होती, की ओळखू येईना. डिकीतली वजनं कामासाठी बाहेर काढून भिंतीशी ठेवली होती, त्यामुळे तर मागचा भाग शिंगं उगारल्यासारखा वर आला होता. मामाने प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, दाजी, तुमची गाडी तरुण झाली, आता तुमचं काय करायचं? काटेवाले हसले नाहीत. त्यांनी खिशातून चावी काढली. ती बाईंच्या हातात द्यायची की विचारायचं, चालवतेस का? की नुसतंच शेजारी बस म्हणायचं? शब्द जुळवत ते उभे राहिले. पुन्हा तेच, बसू द्यायची सवय. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांनी सरळ हात पुढे केला. "घे. चल."

बाईंनी चावी घेतली. हात पदराला पुसले, आरसा नीट केला, सीट एक खाच पुढे ओढली, कारण शेवटची ती काटेवाल्यांनीच चालवली होती. गाडी सुरू झाली. काटेवाले वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या दाराकडे निघाले. ते मागच्या चाकापर्यंत पोचले असतील नसतील, तेवढ्यात गाडी शेडमधून बाहेर पडली, फाटकातून रस्त्यावर गेली आणि बाजाराच्या बाजूला वळली.

मामाने विचारलं, दाजी, तुम्ही बसला नाहीत?

काटेवाले फाटकात उभे राहिले. मामाने त्यांच्यासाठी खुर्ची आणली, ती त्यांनी नको म्हटली. रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ते ऐकत होते, पण आपल्या गाडीचा नवा आवाज कसा आहे तेच त्यांना ठाऊक नव्हतं. चहा दोनदा गार झाला. ऊन भिंतीवर चढलं, तेव्हा गाडी वळणावर दिसली. बाईंनी ती सफाईने आत घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरल्या. चेहऱ्यावर काही वाचता येण्यासारखं नव्हतं. काटेवाल्यांनी विचारलं, कशी चालते?

"मागून उडते जरा," त्या म्हणाल्या. "हलकी झालीये." आणि चावी खुंटीवर न टांगता स्वतःच्या पर्समध्ये टाकून आत गेल्या.

त्यानंतर बाई रोज गाडी चालवतात. काटेवाले शेजारी बसतात आणि हूं हूं करतात. घरात न निघणाऱ्या गोष्टी पुन्हा निघायला लागल्यात. पण त्या एका फेरीची गोष्ट अजून निघालेली नाही. एकदा त्यांनी आडून विचारून बघितलं, त्या दिवशी चौकात गर्दी होती का गं? बाईंनी गिअर बदलला आणि म्हणाल्या, तुमच्या बाजूची काच वर करा, धूळ येतेय. काटेवाल्यांनी काच वर केली. विचारायचं मात्र त्यांच्या मनात अजून तसंच आहे. त्या दिवशी ती त्या चौकातून गेली होती का? आणि गेली असेल, तर शेजारची जागा तिने मुद्दाम रिकामी ठेवली होती का?